सगळ्यांचे करता करता स्वतःकडे लक्ष द्यायचे कसे?

पहाटवेळ (बदलापूर)

नमस्कार. माझे वय 44 आहे. मी बदलापूरला राहते आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. घरी पती, दहावीतली मुलगी, 78 वर्षांच्या सासूबाई आणि मी असे आम्ही चौघे आहोत. सासूबाईंना मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आता त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, परंतु त्यांना पलंगावरून उठवायला आणि रात्री शौचालयापर्यंत न्यायला कोणीतरी सोबत लागते. दिवसा एक बाई येतात. पहाट, संध्याकाळ आणि रात्र माझ्याकडे असते.

गेल्या महिन्यात दादरच्या जिन्यावर मला एकाएकी अंधारी आली. मागून येणाऱ्या दोन अनोळखी बायकांनी धरून बाकावर बसवले, म्हणून निभावले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 9.4 निघाले. त्याखेरीज गेल्या वर्षभरात दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग होऊन गेला आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि 'आता जरा स्वतःकडे लक्ष द्या' असे सांगितले. त्यांचे म्हणणे मला मनापासून पटले, पण घरी येईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा हेच मला कळेनासे झाले.

माझा दिवस पावणेपाचला सुरू होतो. उठल्याबरोबर चहा घेते आणि विसरायला नको म्हणून त्याच चहासोबत लोहाची गोळी घेऊन टाकते. मग तीन डबे, सासूबाईंची साखर तपासून त्यांना इन्सुलिन देणे, त्यांचा नाश्ता, मुलीला उठवणे हे सगळे उरकून सातच्या आतली गाडी पकडते. लोकलमध्ये शौचालय नसल्यामुळे घरातून निघण्यापूर्वी मी पाणी पीत नाही आणि प्रवासातही पीत नाही. पर्समध्ये पाण्याची बाटली असते, पण बहुतेक दिवस ती संध्याकाळी तशीच भरलेली घरी येते. रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाते. झोपायला साडेअकरा होतात आणि मध्ये सासूबाईंसाठी दोनदा तरी उठावे लागते.

या विषयावर जे काही वाचते त्यात रोज एक तास योगासने, आठवड्याला एक दिवस स्वतःसाठी, महिन्याला एखादी सहल असे सुचवलेले असते. तो तास माझ्यापाशी नाही, आणि तो काढायचा म्हटले तर आधीच कमी असलेल्या झोपेतूनच काढावा लागेल. त्यामुळे या अशाच दिवसाच्या पोटात बसतील अशा लहानसहान आणि खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

निवृत्त परिचारिका (सातारा)

ताई, सरकारी रुग्णालयात मी 33 वर्षे परिचारिका म्हणून काम केले. तुमचा दिवस वाचताना त्यातल्या तीन ठिकाणी मी थबकले. तिन्ही ठिकाणी जादा वेळ काढायची गरज नाही. जे आधीच करता आहात ते थोडे पुढेमागे करावे लागेल, इतकेच.

सर्वांत आधी ती पहाटेची गोळी. चहातल्या द्रव्यांमुळे लोहाचे शोषण बरेच कमी होते, त्यामुळे चहासोबत घेतलेल्या गोळीचा मोठा भाग वाया जातो. गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर, शक्यतो दोन तास, चहा, कॉफी आणि दूध टाळावे. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीसुद्धा वेगळ्या वेळी घ्यावी. लोह रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते आणि सोबत लिंबू किंवा आवळा असला तर अधिक चांगले. मात्र रिकाम्या पोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून हलक्या खाण्यानंतर घेतली तरी चालते. तुमच्या बाबतीत मला दुपारी चार-साडेचारची वेळ सोयीची वाटते, कारण जेवण होऊन तीन तास झालेले असतात आणि कार्यालयात घोटभर लिंबूपाणी मिळू शकते. त्या वेळचा चहा तेवढा पुढे ढकला. गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरून त्या बंद करू नका. हिमोग्लोबिन 12 च्या वर गेले की अनेकजणी गोळ्या सोडून देतात, पण शरीरातला लोहाचा साठा भरून यायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोपर्यंत त्या चालू ठेवा.

9.4 हा आकडा मध्यम प्रतीच्या रक्तक्षयात मोडतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. इतका सर्रास असल्यामुळेच 'बायकांचे रक्त कमीच असते' असे म्हणून आपण तो अंगावर काढतो. तुमच्या वयात त्याचे कारण शोधणे फार गरजेचे आहे. पाळीत पूर्वीपेक्षा जास्त रक्तस्राव होतो का, गाठी जातात का, मूळव्याधीचा त्रास आहे का, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण घाईत ते विचारायचे राहून जाऊ शकते. फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि थायरॉइड या तपासण्या करायच्या का, तेही त्यांना विचारा. रक्त एका बाजूने वाहून जात असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही मी जरा कळकळीनेच लिहिते आहे. वॉर्डात काम करताना आम्हीही हेच करायचो. सकाळची ड्युटी लागली की दुपारपर्यंत पाणी नाही आणि लघवीलाही जाणे नाही, कारण चाळीस खाटांमागे आम्ही दोघीच असायचो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग झाला आणि ज्या वॉर्डात मी इतरांना सलाइन लावत असे त्याच वॉर्डात आठ दिवस स्वतः पडून राहिले. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात, आणि पाणी कमी प्यायल्याने व लघवी तुंबवून ठेवल्याने त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. उपाय असा की पाणी प्रवासाच्या मागेपुढे वाटून घ्यावे. उठल्याबरोबर, म्हणजे पावणेपाचलाच, दोन पेले पाणी प्या. निघेपर्यंत त्याचा निचरा होऊन जातो. प्रवासात तहान लागली तर एखादा घोट घ्यायला हरकत नाही. कार्यालयात पोहोचल्यावर आधी शौचालयात जाऊन या, मग पेलाभर पाणी पिऊनच कामाला बसा आणि पुढे दर दोन-अडीच तासांनी उठत जा. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पाणी पुरते आहे असे समजावे. गडद दिसला की लगेच पाणी घ्यावे. पुन्हा जळजळ, ताप किंवा पाठीत दुखणे सुरू झाले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

तिसरी गोष्ट, ओट्यापाशी उभ्याने जेवणे. स्वयंपाक झाल्याबरोबर, पहिले पान वाढायच्या आधी, स्वतःची भाजी आणि आमटी वेगळ्या वाट्यांमध्ये काढून झाकून ठेवा. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो, डाळ आणि भाजी येत नाही. रक्तक्षयाची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते. भाजी लोखंडी कढईत करा. टोमॅटो किंवा चिंच घातलेल्या आंबट पदार्थात कढईतले लोह जास्त उतरते. थंडीत अळिवाचे लाडू करता येतील. डब्यात लिंबाची फोड किंवा पेरू असू द्या, म्हणजे पालेभाजीतले आणि कडधान्यातले लोह अंगी लागेल.

दिनचर्या (वाई)

मी संस्कृतची शिक्षिका आहे, वैद्य नाही; त्यामुळे औषधोपचाराविषयी काही लिहिणार नाही. मात्र ताईंचा प्रश्न आणि त्यावरचा परिचारिकाताईंचा प्रतिसाद वाचताना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय सारखा मनात येत राहिला. त्याचे नावच 'न वेगान्धारणीय' असे आहे. शरीरात उत्पन्न झालेले कोणते वेग, म्हणजे नैसर्गिक ऊर्मी, अडवून ठेवू नयेत, हे त्यात सांगितले आहे आणि असे तेरा वेग तिथे मोजले आहेत. मूत्र आणि मल यांचा उल्लेख सर्वांत आधी येतो. पुढे शिंक, ढेकर, जांभई असे वेग येतात, आणि त्याच यादीत भूक, तहान, झोप, श्रमानंतर लागणारी धाप आणि डोळ्यांतले अश्रू यांनाही जागा दिलेली आहे.

ताई, तुमचा दिवस त्या यादीशेजारी ठेवून पाहिला तर लघवी, तहान, भूक आणि झोप असे चार वेग तुम्ही रोज, ठरवून, अडवत आहात. स्वतःकडे लक्ष देणे या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी नवे करायचे चित्र उभे राहते. हा अध्याय वाचल्यावर मला ते चित्र बदलावेसे वाटले. शरीर दिवसभरात अनेकदा हाक मारत असते आणि आपण प्रत्येक वेळी त्याला 'थांब, एवढे आटोपते' असे म्हणतो. त्या हाकेला पाच मिनिटांत ओ दिली तर एरवी ज्याला आपण काळजी घेणे म्हणतो त्यातले पुष्कळसे आपोआप होऊन जाते.

अश्रूंविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही आणि तरीही ते कुठेतरी असणार असे मला वाटते. त्याच अध्यायात पुढे, जे वेग आवरावेत असे मनाचे वेग सांगितले आहेत. लोभ, भय, क्रोध, ईर्ष्या यांच्या बरोबरीने तिथे शोकही आहे. म्हणजे शोकाला आवर घालावा असे सांगणारा ग्रंथच डोळ्यांत आलेले पाणी मात्र अडवू नये असेही सांगतो. दुःखाच्या पूर्ण आहारी जाणे वेगळे आणि दिवसभराचा ताण डोळ्यांवाटे वाहून जाऊ देणे वेगळे, हा भेद मला फार मोलाचा वाटतो. माझी आई सात वर्षे अंथरुणाला खिळून होती. त्या काळात मी गच्चीवर कपडे वाळत घालताना रडून घेत असे. खाली आल्यावर आईचे तोंड पुसताना माझा हात पुन्हा हलका झालेला असे आणि तो फरक तिलाही कळत असे.

आणखी एक लहानशी गोष्ट. आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे, सांगताना डोके, कान आणि पाय यांना विशेषेकरून तेल लावावे असे म्हटले आहे. रात्री झोपण्यापूर्वी तळपायांना थोडे तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने पाच मिनिटे घासा. वाटी हळूहळू काळी होत जाते आणि तळपाय गार पडतात. मुलीला शिकवलेत तर ती आजीच्या तळपायांना नुसत्या हाताने हलकेच तेल लावून देईल; मधुमेह असल्यामुळे त्यांच्या पायांना वाटी मात्र लावू नका आणि रोज तळपायांवर कुठे जखम नाही ना, तेवढे पाहायला तिला सांगा. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरू नका, आणि तेल लावल्यावर सासूबाईंनी फरशीवर पाऊल टाकण्यापूर्वी ते पूर्ण पुसून घ्या, नाहीतर पुन्हा घसरण्याची भीती आहे.

संत्रानगरी (नागपूर)

वडिलांना पक्षाघात झाल्यानंतरची चार वर्षे त्यांचे सगळे मी आणि माझी पत्नी मिळून करत होतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. परंतु ताईंची झोप दोनदा मोडते तोपर्यंत बाकी उपायांना यश येणे कठीण आहे असे मला वाटते, म्हणून फक्त रात्रीविषयी आणि उठवण्या-बसवण्याविषयी लिहितो.

पलंगाची उंची आधी पाहा. सासूबाई काठावर बसल्यावर त्यांचे गुडघे खुब्याच्या वर जात असतील तर पलंग बुटका आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशा जागेवरून उठणे फार जड जाते. पलंगाच्या पायांखाली सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे करून घ्या. बसायला हात असलेली भक्कम, उंच खुर्ची द्या. उठताना त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात किंवा पलंग रेटावा आणि उभे राहिल्यावरच वॉकर धरावा. वॉकर ओढून उठायला गेल्यास तो अंगावर येतो. हे सगळे फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष समजावून घ्या. आमच्याकडे ते एकदाच आले होते, पण त्या पाऊण तासाने पुढची वर्षे सोपी केली.

तुम्ही त्यांना उठवताना कमरेतून वाकू नका. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, त्यांना स्वतःच्या जवळ घेऊन उठवा. जुने सुती लुगडे चौपदरी घडी करून त्यांच्या कमरेभोवती पट्ट्यासारखे बांधले तर पकडायला आधार मिळतो आणि त्यांचा दंड ओढावा लागत नाही. पहिली दोन वर्षे मी वडिलांना काखेतून उचलत होतो. त्यामुळे त्यांचा खांदा दुखावला आणि माझ्या कमरेची चकती सरकली.

रात्रीसाठी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा आणि जमिनीलगत मंद दिवा लावा. लघवी वाढवणारी एखादी गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. साखर वाढलेली असली तरीही रात्री वारंवार लघवी होते, तेही तपासून घ्या. कारण सापडले आणि दोनाचे एकवर आले तरी तुमच्या झोपेचा एक मोठा तुकडा सलग होईल. त्या एका वेळेसाठीही रात्री वाटून घ्या. तुमच्या पतींविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो. माझी पत्नी दीड वर्ष एकटी उठत होती आणि मला जाग येत नाही असे आम्ही दोघांनीही धरून चाललो होतो. एका सकाळी तिने शांतपणे सांगितले, 'सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार तुमचे.' पहिल्या आठवड्यात तिने मला हलवून जागे केले. दुसऱ्या आठवड्यापासून वडिलांनी खाकरल्याबरोबर मला जाग येऊ लागली. मदत करा असे मोघम सांगितले तर माणूस मदतीच्या तयारीत नुसता बसून राहतो. वार आणि वेळ ठरवून दिली की काम होते.

मन फारच खचले, सतत रडू येऊ लागले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. वडील गेल्यानंतरच्या महिन्यात मी तिथे बोललो होतो.

तिसरी सीट (डोंबिवली)

मीही रोज याच मार्गाने येते, म्हणून थोडेच लिहिते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर कार्यालय गाठण्याची घाई न करता आधी स्थानकातल्या शौचालयात जाऊन यायची सवय मी लावून घेतली आहे. त्यासाठी एक गाडी आधीची धरावी लागते, पण दिवसभर ओटीपोट जड राहत नाही. पर्समध्ये साबणाच्या कागदी चकत्या आणि एक छोटा सुती पंचा ठेवा. कार्यालयातले शौचालय अस्वच्छ असल्यामुळे जाणे टाळत असाल तर तीन-चारजणींनी मिळून लेखी अर्ज द्या. आमच्याकडे तोंडी सांगून दोन वर्षे काही झाले नव्हते, आणि अर्जानंतर पंधरा दिवसांत नळ आणि कडी दोन्ही दुरुस्त झाले. आणखी एक विनंती आहे. परत अंधारी आल्यासारखे वाटले तर दारापाशी उभ्या राहू नका. डब्यात मोठ्याने सांगा, कोणीतरी उठून जागा देतेच.

पहाटवेळ (बदलापूर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी थोडे करून पाहावे आणि मगच लिहावे असे ठरवले होते.

गोळीची वेळ दुपारी साडेचारची केली आहे. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही हाच त्रास निघाला, त्यामुळे आता आम्ही दोघी मिळून एक लिंबू पिळतो. डॉक्टरांना पाळीविषयी आपण होऊन सांगितल्यावर त्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली. तीत गर्भाशयात गाठ निघाली. ती लहान आहे, परंतु वाढलेल्या रक्तस्रावाचे कारण तीच असावी असे त्यांचे मत आहे. इथे विचारले नसते तर मी फक्त गोळ्या घेत राहिले असते.

पलंगाखाली ठोकळे बसवले. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सासूबाई हाक न मारता स्वतःच्या स्वतः उठून काठावर बसल्या आणि मला म्हणाल्या, 'तू तुझी पोळी गरम असताना खा, मी बसलेय.' त्या दिवशी मी बसून जेवले. पतींना वार ठरवून दिले आहेत. मंगळवार एकदा चुकला, पण पुढचे सगळे पाळले गेले. मुलगी आजीच्या पायांना तेल लावून देते, तेव्हा दोघींच्या गप्पा चालतात आणि मी आत भांडी आवरत असते.

पाण्याचे अजून पूर्ण जमलेले नाही. पहाटेचे दोन पेले होतात आणि कार्यालयातही बरे जमते. संध्याकाळी मात्र गर्दीची गाडी समोर दिसली की हात बाटलीकडे जात नाही. कार्यालयातून निघताना शौचालयात जाऊन येण्याचा नेम या आठवड्यापासून धरला आहे. रडण्याविषयी वाईच्या ताईंनी जे लिहिले ते मी दोनदा वाचले. मला गच्ची नाही, पण परतीच्या गाडीत कल्याण सुटले की डबा थोडा रिकामा होतो आणि खिडकी मिळते.

पुढची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी आहे. आकडा आला की इथे कळवीन. परिचारिकाताईंना एक विचारायचे होते: अळिवाचे लाडू मुलीलाही दिले तर चालतील का, आणि दिवसाला किती?